एक्केचाळीस शब्द

शाळेत नवे साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग तिसऱ्या दिवशी घड्याळ आलं. भिंतीवरचं नव्हे. ते आधीपासून होतं आणि सात मिनिटं मागे चालायचं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. हे घड्याळ गळ्यात अडकवायचं होतं, बटण दाबलं की सेकंद मोजणारं. नवे साहेब म्हणजे शाळेचे संचालक. त्याआधी ते एका कारखान्यात होते. एका मिनिटात किती डबे भरले जातात हे मोजून मोजून त्यांनी म्हणे तो बुडता कारखाना वर काढला होता, म्हणून संस्थेच्या मंडळींनी त्यांना शाळेवर आणून बसवलं. आता डब्यात आणि पोरात फरक असतो हे त्यांना सांगायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हटली की सगळ्या शिक्षकांना एकदम वह्या तपासायची आठवण व्हायची. त्यांनी आपलं एवढंच केलं, साहेबांचं नाव ‘टिकटिक’ ठेवलं आणि चहा प्यायले.

पण हुकूम निघाला तेव्हा मात्र चहा घशाखाली उतरेना. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाने एका मिनिटात चाळीस शब्द मोठ्याने वाचले पाहिजेत, तेही एकट्याने. आकडा वर्गशिक्षकाने लिहायचा आणि तक्ता वर्गाच्या दारावर चिकटवायचा. चाळिसाच्या खाली राहील तो ‘तयारी वर्गात’ जाणार. नाव मोठं आणि लक्षण खोटं, कारण तयारी वर्ग म्हणजे भांडारखोलीला लागून असलेली, मोडके बाक ठेवायची अंधारी खोली. आणि आणखी एक कलम होतं. वर्गाने एका सुरात वाचणं बंद. एका सुरात कच्ची मुलं लपून बसतात, असं साहेबांचं म्हणणं होतं.

हे शेवटचं कलम तिसरीच्या बाईंना लागलं. त्यांना पोरं ‘सावकाश बाई’ म्हणायची. अठ्ठावीस वर्षं त्या पोरांना ‘सावकाश रे, गाडी सुटत नाहीये’ असं सांगत आल्या होत्या. त्यांच्या वर्गात रोज पहिल्या तासाला सगळी पोरं एका सुरात धडा वाचत आणि बाई बाकांमधून फिरत. लांबून ऐकणाऱ्याला तो नुसता गलका वाटायचा. पण भाजी निवडणाऱ्या बाईच्या हाताला जशी किडकी शेंग न बघता कळते, तसं या बाईंच्या कानाला कळायचं की कोण वाचतोय, कोण नुसते ओठ हलवतोय आणि कोण पान उलटायलाच विसरलाय. त्या जाता जाता पाठीवर बोट टेकवायच्या आणि पोर पुन्हा ओळीवर यायचं.

याच फेऱ्यांमध्ये एक दिवस त्यांना ठकी सापडली होती.

ठकी हे तिचं घरचं नाव. बाप शिंपी होता आणि थोरली बहीण पाचवीत शिकत होती. ठकी बोलायला लागली की पहिल्याच अक्षरावर अडायची. ‘स’ आला की स, स, स, आणि मग डोळे घट्ट मिटायचे, मान एका बाजूला ओढली जायची, आणि तोवर समोरच्याने तिचं वाक्य आपल्या मनाने पुरं करून टाकलेलं असायचं. “साबण हवाय का? सायकल दिसली का?” तिला सांगायचं असायचं काही भलतंच. मग ती मान डोलवून मोकळी व्हायची. दुसरीत असताना ‘हिला वाचता येत नाही’ असा शेरा घेऊनच ती वर आली होती. आणि त्या दिवशी, सगळा वर्ग एका सुरात वाचत असताना, बाई तिसऱ्या बाकापाशी आल्या आणि थबकल्याच. ठकी वाचत होती. स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न गाळता, पोरांच्या अर्धा शब्द पुढेच. चाळीस जणांचा आवाज सोबतीला होता, तर तिची जीभ जणू मोकळ्या रस्त्याला लागली होती.

बाईंनी तिच्या बापाला बोलावून सांगितलं तेव्हा तो गळ्यातली मोजपट्टी काढायला विसरून तसाच आला होता. म्हणाला, “बाई, आम्हाला ठाऊक आहे. घरी दोघी बहिणी एक पुस्तक धरून बसल्या की ही मोठीला मागे टाकते. पण हे कुणाला सांगायचं? लोक म्हणतात, शिंप्याला आपल्या पोरीचं ठिगळ दिसत नाही.” बाईंना त्याचं फार वाईट वाटलं. त्यांनी त्याला शब्द दिला की ही पोर चौथीत जाईल, आणि माझ्या वर्गातूनच जाईल.

आणि आता हा हुकूम.

बाईंनी घड्याळ लावलं. ठकीने एका मिनिटात तीन शब्द वाचले, चौथ्यावर घामाघूम झाली. बाईंनी तक्त्यासमोर बसून पेन उचललं. तीन लिहिले की पोर सोमवारी मोडक्या बाकांच्या खोलीत जाणार आणि पुन्हा कोणी तिला तोंड उघडायला सांगणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी खोटा आकडा लिहिला नव्हता. चाळीस लिहिले तर ओढूनताणून आणल्यासारखे दिसतील. पन्नास म्हणजे थापच. त्यांनी विचार करकरून एक्केचाळीस लिहिले. बेताचं, सभ्य, कुणाच्या डोळ्यावर न येणारं खोटं.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ते एका दवाखान्यात औषधं बांधून द्यायचे. चष्म्यावरून बघत म्हणाले, “मी एक थेंब इकडचा तिकडे केला तर तू मला किती ऐकवतेस. आणि आता?”

“अहो, तुमच्या बाटलीला पुढच्या वर्गात जायचं नसतं,” बाई म्हणाल्या आणि भांडी जरा जोरातच घासायला लागल्या.

शुक्रवारी साहेबांनी सगळे तक्ते टेबलावर मांडले. माणसाने उमेदीची वर्षं डब्यांत घालवली असली तरी तो आंधळा नव्हता. सबंध शाळेत बेचाळीस शब्दवाली मुलं दोन, त्रेचाळीसवाली तीन, चाळीसवालं एकही नाही. आणि एक्केचाळीसवाली एकोणीस. काय झालं होतं म्हणता? अहो, प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात एखाददुसरं अडलेलं पोर होतं. प्रत्येकाला त्याची दया आली होती. आणि प्रत्येकाने, एकमेकांना न विचारता, आपापल्या घरी बसून तोच हिशेब केला होता. चाळीस संशयास्पद, पन्नास थाप, एक्केचाळीस सभ्य. शाळामास्तरांनी खोटं बोलायचं ठरवलं तरी ते असं मापात बोलतात.

साहेब शिक्षकांच्या खोलीत आले. आवाज चढवला नाही. “सोमवारी या एकोणीस मुलांना मी स्वतः ऐकणार,” ते म्हणाले, “बघू तरी, सगळी नेमकी एक्केचाळीसवर कशी थांबतात.” दार लागलं, तेव्हा गणिताच्या बाईंच्या हातातला खडू मोडला.

“चोराच्या मनात चांदणं,” पीटीचे सर म्हणाले. त्यांच्याकडे पाचवीचा वर्ग होता आणि त्यांच्या वर्गात एक्केचाळीसवाले तीन होते. “घाबरायचं काही कारण नाही. धडा कोणता देणार हे मला कळलंय. मधमाश्यांचा. साहेबांच्या टेबलावर त्याच पानाला खूण आहे, मी डोळ्यांनी बघितली. शनिवार रविवार पोरांना घरी बोलावू आणि पान पाठ करून घेऊ. माझी पोरं कवायतीचे एकशेवीस हुकूम पाठ म्हणतात, एक पान काय घेऊन बसलात?”

सगळ्यांना ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार. बाईंना मात्र पटलं नाही. त्यांच्या ठकीला मधमाश्यांचा धडा आधीच तोंडपाठ होता. पाठ असून काय करणार? अडचण पानात नव्हती आणि डोक्यातही नव्हती. अडचण एकटेपणात होती, आणि त्यावर पाठांतराचा काय उपाय?

शनिवारी त्या शिंप्याच्या दुकानात गेल्या. ठकी मशीनखाली पडलेल्या चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसली होती. बाई तिच्याशेजारी खाली बसल्या आणि दोघींनी मिळून पाच धडे वाचले. मग बाई मध्येच गप्प झाल्या. ठकी दोन शब्द पुढे गेली, तिला कळलं की आपण एकट्या आहोत, आणि जागीच अडली. बाईंनी पुन्हा सूर धरला. पुन्हा सोडला. या वेळी चार शब्द. संध्याकाळपर्यंत एक ओळ झाली, त्याहून जास्त नाही. बाप मशीन थांबवून ऐकत होता. निघताना बाईंनी त्याला काही वचन दिलं नाही. देण्यासारखं काही हाताशी नव्हतं, आणि एक आधीच देऊन त्या पस्तावल्या होत्या.

सोमवारी साहेबांच्या खोलीबाहेर एकोणीस पोरं रांगेत उभी राहिली. प्रत्येक पोराबरोबर त्याचा वर्गशिक्षक आत जाणार होता. पहिला नंबर पीटीच्या सरांच्या वर्गातल्या धिप्पाड पोराचा. दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं, आणि कान लावलेला नव्हता असा एकही शिक्षक नव्हता.

“हे पान वाच,” साहेब म्हणाले. घड्याळाचं बटण वाजलं.

पोराने छाती पुढे काढली आणि सुरुवात केली. “मधमाश्या फार कष्टाळू असतात. त्या पहाटे उठून फुलांच्या शोधात दूरदूर जातात…” एकदम तोफखाना. कुठे स्वल्पविराम नाही, श्वास नाही. एक मिनिट संपलं तरी तो थांबेना, शेवटी सरांनीच ‘विश्राम’ म्हटलं तेव्हा थांबला.

मग साहेबांचा आवाज आला, “बाळ, चित्र कशाचं आहे या पानावर?”

“दिव्याचं,” पोरगं म्हणालं. “समुद्रातल्या दिव्याचं.”

“मग दीपगृहात मध कुठून आला?”

साहेबांनी पान बदललं होतं. पीटीचे सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. कवायतीच्या मैदानावर वाघासारखा फिरणारा माणूस, रांगेतल्या पोरांच्या पायांकडे बघत निघून गेला. आतून साहेब म्हणाले, “पुढचं.” पुढची ठकी होती.

आत गेल्यावर बाईंनी ठकीला खुर्चीत बसवलं आणि साहेबांनी बटणावर बोट ठेवायच्या आधीच त्या बोलल्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

“साहेब, हिच्यासमोरचे एक्केचाळीस मी लिहिले. खोटे आहेत. खरे तीन.”

साहेबांनी घड्याळ खाली ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते. “म्हणजे सगळेच? अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली माणसंसुद्धा? बाई, तुमच्याबद्दल मी चांगलं ऐकलं होतं. मला मंडळाला उत्तर द्यायचंय. दरवर्षी वीस पंचवीस मुलं ही शाळा सोडून जातात, कारण पाचवी होऊनही त्यांना वाचता येत नाही. मी काय हौसेने गळ्यात हे लोढणं घालून फिरतोय? मला फक्त एवढं कळायला हवंय की कुणाला येतं आणि कुणाला येत नाही. आणि तुम्ही सगळे मिळून मलाच फसवताय.”

हे बाईंना लागलं, कारण त्यात तथ्य होतं. आपण सगळ्यांनी टिकटिक टिकटिक म्हणून हसण्यात दिवस घालवले, पण हा माणूस काय शोधतोय हे विचारायला कोणी गेलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. “चुकलंच,” त्या म्हणाल्या. “त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या. पण हिला येतं. आणि तुमच्या घड्याळाला ते कळत नाही. एक मिनिट हिच्याबरोबर वाचा.”

“म्हणजे?”

“पुस्तक दोघांच्या मध्ये धरा आणि एका सुरात वाचा. मी वाचणार नाही, नाहीतर म्हणाल, बाईंनी पढवलं.”

साहेबांनी तोंड वाकडं केलं. मोठ्याने वाचायची त्यांना सवय नव्हती. घरी त्यांना ऐकायला कोणी असेल असंही दिसत नव्हतं. पण त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, आणि दीपगृहाचं पान दोघांच्या मध्ये धरलं. “समुद्राच्या काठी…” त्यांनी सुरुवात केली, नोटीस वाचून दाखवल्यासारखी. पहिल्या शब्दाला ठकीची मान ओढली गेली. दुसऱ्या शब्दाला तिचे ओठ हलले. तिसऱ्यापासून आवाज आला. “एक उंच दीपगृह होतं. तिथे एक म्हातारा रखवालदार राहायचा. रोज संध्याकाळी तो एकशे बारा पायऱ्या चढून दिवा लावायचा.” साहेबांना ‘रखवालदार’ला ठेच लागली. ठकीला लागली नाही. ती पुढे गेली, आणि साहेब तिला गाठायला धावले. बघता बघता पान संपत आलं, तेव्हा साहेब हळूच गप्प झाले. मुद्दाम झाले की ऐकता ऐकता झाले, ते त्यांनाच ठाऊक. ठकी एकटी एक ओळ वाचत गेली, दुसरीही निम्मी वाचली, आणि मग तिला कळलं. डोळे मिटले, मान वाकडी झाली, आवाज बंद.

साहेबांनी पुस्तक मिटलं. “येतंय की,” ते म्हणाले. “उत्तम येतंय. मग एकटीला का येत नाही?”

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण ठकीने डोळे उघडले होते, आणि तिला काहीतरी सांगायचं होतं.

“स,” ती म्हणाली. “स. स. स.”

बाईंना वाटलं, तो शब्द काय असेल हे आपल्याला कळतंय. जिभेच्या टोकावर आलाही होता. साहेबांचं तोंडही अर्धं उघडलं होतं. ‘सोपं’, ‘सगळं’, ‘सोबत’, कितीतरी शब्द होते, आणि एक टाकला असता तर पोर मान डोलवून मोकळी झाली असती. बाईंनी टेबलावरून हात पुढे केला आणि साहेबांना थांबवलं. साहेब थांबले. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, बाहेर पोरं कुजबुजत होती, ठकीच्या कपाळावर घाम आला होता. कुणी घाई केली नाही. आणि शेवटी तो शब्द आला, आणि त्याच्या मागे बाकीचेही आले, एकेक करून, मध्ये कितीतरी जागा सोडत.

“स… सगळे… माझा… श… शब्द… घेऊन… जातात.”

एवढंच. सगळे माझा शब्द घेऊन जातात. बाईंना इतकं भरून आलं की त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. अठ्ठावीस वर्षं ‘सावकाश’ म्हणणाऱ्या त्या, पण या पोरीचं वाक्य शेवटपर्यंत त्यांनीसुद्धा आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. सुरात ऐकलं होतं, एकटीचं नव्हतं. आपणही तिचे शब्द उचलत होतो की काय, मायेने का होईना? उचलत होतोच.

साहेबांनी तक्ता पुढे ओढला. पट्टी घेतली आणि आकड्यांच्या रकान्याशेजारी एक नवी सरळ रेघ मारली. वर ‘शेरा’ असं लिहिलं. “ही तुमच्याच वर्गात राहील,” ते म्हणाले. “तो एक्केचाळीस खोडा आणि तीन लिहा. खरं ते खरं. आणि इथे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मला एवढ्यात सांगता यायचं नाही.”

बाईंनी आकडा खोडला, तीन लिहिले, खाली सही केली. मग शेऱ्याच्या जागेत लिहिलं, ‘वाचता येतं. ऐकणाऱ्याने थांबावं.’ साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि शेजारी आपली सही केली. ठकी ते शब्द वाकून वाचत होती, ओठांतल्या ओठांत, आणि या वेळी तिला कुणी मोठ्याने वाचायला सांगितलं नाही.

“बाहेर अजून किती आहेत?” साहेबांनी विचारलं.

“सतरा,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी दार उघडून कारकुनाला हाक मारली. “अकराची बैठक उद्यावर टाका,” ते म्हणाले, “आणि सगळ्यांसाठी चहा सांगा. वेळ लागणार आहे.”